प्रस्तावना : मंगळवारी विद्यार्थी काय करणार?

माझा पहिला ऑनलाइन व्हिडिओ ५२ मिनिटांचा होता आणि त्यातली पहिली चार मिनिटं हजेरी होती. विद्यार्थी समोर नव्हतेच. रिकाम्या वर्गात कॉलेजचा शिपाई ट्रायपॉडला मोबाइल लावून उभा होता. तरी हात आपसूक कॅटलॉगकडे गेला. पुढे मी फळ्यावर निर्देशांकाची व्याख्या लिहिली, तेव्हा कॅमेऱ्यात माझी पाठ तेवढी आली. दर पाच-सात मिनिटांनी 'समजलं ना?' असं विचारून मी उत्तरासाठी थांबलोही. शिपाई बिचारा मान डोलवायचा.

वाणिज्य शाखेला तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाची ही गोष्ट आहे, म्हणून सांगतो. वर्गात मी बरा शिकवायचो, असं जुने विद्यार्थी निदान माझ्या तोंडावर तरी म्हणतात. पण ते कशाच्या जोरावर जमत होतं, हे मला तोवर उमगलंच नव्हतं. मागच्या बाकावर चुळबुळ झाली की मी उदाहरण बदलायचो. पुढच्या बाकावरच्या मुलीचं पेन थांबलं की कळायचं, आपण एक पायरी गाळली. अशी डागडुजी एका तासात कितीदा तरी होते आणि करणाऱ्याला पत्ताही नसतो. कॅमेऱ्यापुढे ती एकदम थांबते. मग कोण कुठे अडखळेल, कुणाला काय आधी सांगायला हवं, कुठे थांबवायचं, याचा विचार आधी बसून, कागदावर करावा लागतो. हे पुस्तक त्या कागदाविषयी आहे.

शिक्षकांना मदत म्हणजे सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण, हे समीकरण आपल्याकडे पक्कं बसलं आहे. स्क्रीन कशी शेअर करायची, क्विझ कशी लावायची, गुण कुठे भरायचे. आठवडाभराची एफडीपी, म्हणजे प्रशिक्षण कार्यशाळा, होते, प्रमाणपत्र मिळतं, ते बढतीच्या, म्हणजे कॅसच्या, फाइलला लागतं आणि सोमवारी माणूस पुन्हा आपल्या ५२ मिनिटांकडे वळतो. बटणं यायला हवीतच. ती दोन दिवसांत येतात, आणि नाही आली तर प्रथम वर्षाचा एखादा मुलगा दोन मिनिटांत शिकवतो. अडतं ते दुसरीकडेच.

माझं अडलेलं सुटलं ते एका प्रश्नामुळे. अभ्यासक्रमाची आखणी एकमेकांना दाखवायची म्हणून आम्ही आठ-दहा जण शनिवारी जमत होतो. त्यात वनस्पतिशास्त्राच्या एक मॅडम होत्या. मी माझं सत्राचं नियोजन मोठ्या अभिमानाने पुढे ठेवलं: घटक तिसरा, निर्देशांक, तासिका आठ, तारीखवार. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही काय करणार ते कळलं. मंगळवारी विद्यार्थी काय करणार?" मी म्हटलं, ऐकणार. "आणि बुधवारी?" मला रागच आला. घरी जाताना एसटीत बसून पुन्हा नियोजन काढलं तेव्हा दिसलं की सोळा आठवड्यांच्या त्या तक्त्यात 'विद्यार्थी' हा शब्द एकदाच आला होता, आणि तोही 'विद्यार्थी संख्या' या रकान्यात.

हा प्रश्न काही संगणकासोबत आलेला नाही. ज्यांना विद्यार्थी कधी दिसलेच नाहीत अशा शिक्षकांनी तो फार आधी सोडवायला घेतला होता. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं आणि १९७१ मध्ये शिकवू लागलं. तिथे एक अभ्यासक्रम एकटा प्राध्यापक लिहीत नसे, त्यासाठी एक चमू बसे: विषयाचे जाणकार, संपादक, बीबीसीचे निर्माते. एकमेकांचे मसुदे ते निर्दयपणे तपासत. आपल्याकडे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. तिथल्या पाठ्यपुस्तिका ज्यांनी उघडल्या आहेत त्यांना त्यांची धाटणी आठवेल. घटकाच्या सुरुवातीला 'हा घटक वाचल्यावर तुम्हाला काय करता येईल' याची यादी, मध्येच 'तुमची प्रगती तपासा' म्हणून प्रश्न, खाली उत्तर लिहायला कोऱ्या रेघा आणि शेवटी नमुना उत्तरं. मास्तरकी करणारे आम्ही लोक तेव्हा त्यांना हसत होतो, 'गाइड छापलंय' म्हणून. त्या कोऱ्या रेघांमध्ये किती शहाणपण होतं ते मला २०२० साली कळलं. पुस्तक वाचणाऱ्याला मध्येच थांबवून त्याच्या हातात पेन देण्याची ती युक्ती होती.

मायकेल मूर या दूरशिक्षणाच्या अभ्यासकाने या सगळ्याला एक चांगलं नाव दिलं आहे. मराठीत मी त्याला देवघेवीतलं अंतर म्हणतो. शिक्षक-विद्यार्थ्यांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, असं मूर सांगतात. संवाद कमी आणि सगळं आधीच घट्ट बांधलेलं असेल तर ते अंतर वाढतं. संवाद वाढला की ते कमी होतं. या मापाने पाहिलं तर दीडशे मुलांच्या सभागृहात माइकवरून नोट्स सांगणारा प्राध्यापक फार दूर असतो, आणि गडचिरोलीतल्या मुलीच्या उत्तराखाली दोन ओळी लिहिणारी पुण्याची प्राध्यापिका बरीच जवळ.

मार्च २०२० नंतर आपण जे केलं त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणणं दोन्ही बाजूंना अन्यायाचं आहे. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या पाच अभ्यासकांनी एक लेख लिहून हा फरक स्पष्ट केला होता. विचारपूर्वक आखलेला ऑनलाइन अभ्यासक्रम वेगळा आणि संकटात तात्पुरती केलेली दूरस्थ सोय वेगळी, असं त्यांनी बजावलं. पूर आल्यावर शाळेच्या इमारतीत लोकांना आसरा दिला म्हणजे आपण वसतिगृह चालवलं असं होत नाही, तसंच हे. पण आपल्या बहुतेक सहकाऱ्यांच्या मनात ऑनलाइन म्हणजे तेच दिवस बसले आहेत: 'आवाज येतोय का?', बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकटी, आणि सगळ्यांना सगळ्यांची उत्तरं ठाऊक असलेल्या परीक्षा. त्या आठवणींवरून या माध्यमाबद्दल कायमचं मत बनवू नये, एवढी विनंती.

विशेषतः आता, कारण निवड आपल्या हातात उरलेली नाही. 'स्वयम्' हा केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाला आणि यूजीसीच्या २०२१च्या विनियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम तिथून करण्याची मुभा विद्यापीठांना दिली. 'स्वयम्'चा आराखडा कागदावर फार समतोल आहे. त्याचे चार भाग: व्हिडिओ, वाचन-साहित्य, चर्चामंच आणि स्वयंमूल्यमापन. प्रत्यक्षात पहिला भाग उरलेल्या तिघांना गिळतो. वेळ, पैसा, स्टुडिओ, मेकअपसुद्धा व्हिडिओला. मग शेवटच्या आठवड्यात पीपीटीचं पीडीएफ करून वाचन-साहित्य होतं, आणि चर्चामंचावर 'सर, असाइनमेंटची शेवटची तारीख काय?' एवढीच चर्चा चालते.

व्हिडिओबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण त्याबद्दलच्या समजुती सगळ्यात पक्क्या आहेत. फिलिप गुओ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतली व्हिडिओ पाहण्याची सुमारे ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थ्यांचं लक्ष मध्यकाने सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हतं. एवढं सगळीकडे सांगितलं जातं, आणि ते ऐकून लोक ५२ मिनिटांचे सहा-सहा मिनिटांचे नऊ तुकडे करतात. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: वर्गात चित्रित केलेलं व्याख्यान नंतर कापून लहान केलं, तरी ते मुळातच लहान म्हणून आखलेल्या व्हिडिओच्या पासंगाला पुरत नाही. आणि भारी स्टुडिओपेक्षा आपल्या टेबलाशी बसून बोलणारा शिक्षक पुष्कळदा जास्त पाहिला गेला. हे वाचून मला जो दिलासा मिळाला तो वेगळा सांगायला नको.

आपल्या जवळचं उदाहरण आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचं. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभारलेला हा प्रकल्प संगणकाच्या प्रणाली शिकवतो, मराठीतूनही. ट्युटोरियल साधारण दहा मिनिटांचं. पडद्याच्या एका बाजूला ते चालू ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूला स्वतः तेच करून पाहायचं. करून न पाहता नुसतं बघणाऱ्याला त्यात काही मजा नाही, आणि तसं ते मुद्दामच ठेवलेलं आहे. मला जास्त भावली ती त्यांची आतली पद्धत. आधी संहिता लिहायची. मग ती विषय न जाणणाऱ्या माणसाला द्यायची. तो जिथे अडेल तिथे लेखकाने दुरुस्त करायचं, आणि नंतर आवाज द्यायचा. वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी त्यांनी चित्रीकरणाच्या आधीच बोलावून घेतली! याच संस्थेतल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांनी विद्यार्थिकेंद्री ऑनलाइन अभ्यासक्रमाचा जो आराखडा बनवला, त्यात व्हिडिओच्या मधोमध एक थांबा असतो. शिक्षक प्रश्न विचारतो, 'व्हिडिओ थांबवा, उत्तर लिहा, मग पुढे चला' असं सांगतो, आणि परत आल्यावर बहुतेकांनी काय लिहिलं असेल त्यावर बोलतो. म्हणजे माझं 'समजलं ना?'च ते, फक्त उत्तराला जागा असलेलं.

आता माझा निर्देशांकाचा घटक. त्याच्यावर आम्ही तीन शनिवार घालवले आणि या पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण त्यातूनच निघालं, म्हणून त्याची गोष्ट इथे थोडक्यात सांगतो.

मॅडमनी पहिल्यांदा सूत्र काढून टाकायला लावलं. लास्पेअरचं सूत्र शेवटी येऊ दे, म्हणाल्या. आधी मुलांना ते हवंसं वाटू दे. मग आम्ही उलटे निघालो. घटक संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं? व्याख्या पाठ म्हणता येणं नको होतं. आपल्या घरची महागाई किती वाढली हे मोजता यावं, आणि सरकारी आकडा आपल्या आकड्याहून वेगळा का, ते सांगता यावं. हे ठरल्यावर परीक्षा ठरली. परीक्षा ठरल्यावर आठवडा ठरला, आणि व्हिडिओ सगळ्यांच्या शेवटी. आजवर मी नेमकं याच्या उलट करत आलो होतो: आधी व्याख्यान, मग वेळ उरला तर उदाहरणं, आणि प्रश्नपत्रिका पाठवायच्या आदल्या रात्री परीक्षेचा विचार.

सत्राच्या पहिल्याच आठवड्यात, कारण न सांगता, प्रत्येकाकडून पाच वस्तूंचे भाव नोंदवून घेतले. घरात महिन्याला त्या किती लागतात तेही. तूरडाळ आणि गोडेतेल सगळ्यांना सारखं, उरलेल्या तीन वस्तू ज्याच्या त्याने निवडायच्या. दहाव्या आठवड्यात घटक सुरू झाला. सोमवारी पाच मिनिटांचा व्हिडिओ, त्यात एकच प्रश्न: तुमच्या घरची महागाई या दोन महिन्यांत किती वाढली, अंदाज लिहा. मंगळवारी विद्यार्थी दुकानात गेले आणि तीच यादी नव्या भावाने भरून आणली. पुढचे दोन दिवस, सूत्र न सांगता, नुसत्या त्रैराशिकाने जमेल तसा हिशेब. शुक्रवारी सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात आले आणि खरी गंमत तिथे झाली. तेल दहा टक्क्यांनी महागलं होतं. एका मुलाच्या घरची वडापावची गाडी. त्याच्या यादीत खर्चाचा ४० टक्के वाटा तेलाचा, म्हणून बाकी भाव स्थिर धरले तर एकट्या तेलाने त्याचा निर्देशांक १०४ वर नेला. शेजारच्या मुलीच्या यादीत तेलाचा वाटा पाच टक्के, तिचा १००.५. भाव एकच, वाढ एकच आणि आकडे दोन! 'भार' म्हणजे काय, हे फळ्यावर मी वर्षानुवर्षं समजावत होतो. इथे मुलांनीच भांडून काढलं, आणि वडापाववाल्याने लिहिलं की सर, मग सरकारचा आकडा नक्की कुणाच्या घरचा असतो? सूत्र मी त्यानंतर सांगितलं.

कॉपीचा प्रश्नही अर्धा इथेच मिटला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून 'निर्देशांकाचे प्रकार स्पष्ट करा' असा गृहपाठ देणं म्हणजे यंत्राला काम देणं झालं आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातला मंगळवारचा डाळीचा भाव मात्र यंत्राला ठाऊक नसतो. अर्धा मिटला असं म्हणतो, कारण खोटे भाव भरणारे निघालेच. ते आकड्यांवरूनच पकडले गेले, आणि त्यातून पुढचा घटक, माहितीची विश्वासार्हता, आयताच सुरू झाला.

स्वयंचाचणीबद्दल दोनच वाक्यं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा वाचलेलं आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवलं. म्हणून रविवारची पाच प्रश्नांची चाचणी गुणांसाठी नव्हे, आठवण्यासाठी लावावी आणि कितीही वेळा देऊ द्यावी.

आपल्या विद्यार्थ्यांची परिस्थिती या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि परदेशी पुस्तकांतून ती सापडत नाही. घरात एक फोन, तो भावाचा, आणि बहिणीच्या हातात रात्री दहानंतर येतो. रोजचा दीड जीबी डेटा त्याआधीच क्रिकेटमध्ये संपलेला असतो. तासाभराच्या साध्या व्हिडिओला काहीशे एमबी लागतात. दहा मिनिटांचं नुसतं ध्वनिमुद्रण पाच एमबीत बसतं. म्हणून प्रत्येक व्हिडिओसोबत त्याचा आवाज वेगळा आणि संहिता लिखित द्यावी, असा आग्रह या पुस्तकात जागोजागी आहे. ही सोय दृष्टिहीन आणि श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांनाही तितकीच उपयोगी पडते. आणखी एक दुखणं खास आपलं. आपल्या जुन्या नोट्स श्रीलिपी नाही तर शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. संगणकावर सुबक दिसणारं ते पान विद्यार्थ्याच्या फोनवर किडामुंगीसारखं उमटतं. मग आपण त्याचा फोटो काढून पाठवतो, आणि तो फोटो स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला पाटी कोरी दिसावी तसा दिसतो. सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणं कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही. मी तीन उन्हाळी सुट्या त्यात घातल्या.

शिक्षक ऑनलाइन दिसतो कशातून? चेहऱ्यातून फारच थोडा. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातल्या अभ्यासकांनी २००० साली शिक्षकाच्या 'असण्या'बद्दल लिहिलं. ते असणं आखणीत, चर्चेला वळण देण्यात आणि नेमक्या वेळी नेमकं सांगण्यात असतं. आपल्याकडे मुलं चर्चामंचावर गप्प बसतात आणि रात्री अकराला वैयक्तिक व्हॉट्सॲपवर प्रश्न विचारतात, कारण चारचौघांत चुकण्याची लाज वाटते. मी त्यावर काढलेला तोडगा ओबडधोबड आहे: तो प्रश्न नाव काढून मंचावर टाकायचा, 'एकाने चांगला प्रश्न विचारला आहे' असं लिहून. चार आठवड्यांत मुलं स्वतःच तिथे विचारू लागतात. आणि उत्तर कधी मिळेल हे आधी सांगून ठेवायचं. रात्री अकराला उत्तरं देणारा शिक्षक दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

प्राचार्यांनी ही प्रस्तावना वाचली तर त्यांच्यासाठी एक परिच्छेद. एक घटक नीट आखायला मला तीन शनिवार लागले. अख्खा अभ्यासक्रम चांगला हवा असेल तर सत्र सुरू होण्याआधी शिक्षकाचा कार्यभार कमी करावा लागेल, आणि त्याच्यासोबत बसणारं दुसरं कुणीतरी लागेल. ते त्याच विषयाचं नसलं तर उत्तम. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना निर्देशांक येत नव्हता, म्हणूनच त्या मला अडवू शकल्या. स्टुडिओसाठी राखून ठेवलेल्या पैशातला थोडा भाग अशा दोन माणसांच्या वेळेवर खर्च केला, तर स्टुडिओची घाई राहणार नाही. नॅकच्या भेटीत दाखवायला स्टुडिओ बरा दिसतो, हे मान्य.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. सगळा अभ्यासक्रम एकदम ऑनलाइन करायला घेऊ नये. तुमचा जो घटक दरवर्षी मुलांना जड जातो, तो एकच घ्यावा. शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता जोडला आहे, सात वारांचा आणि दोन रकान्यांचा. डावीकडचा रकाना शिक्षकाचा, तो मुद्दाम अरुंद ठेवला आहे. उजवीकडचा विद्यार्थ्याचा. तक्ता पेन्सिलीने भरा, मग तुमचा विषय न शिकवणाऱ्या सहकाऱ्यासमोर चहासोबत ठेवा आणि तो काय विचारतो ते ऐका. तिसरं प्रकरण त्यानंतर उघडावं.